दंडाची मिठाई

कुजबुजे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव कंपनीत फार थोड्यांना माहीत होतं आणि पगाराचा दिवस सोडला तर त्याची कुणाला गरजही पडत नसे. नाटक कंपनीत ते प्रॉम्प्टर होते. रंगमंचाच्या डाव्या बाजूला, विंगेच्या काळ्या कापडाआड एका लाकडी खुर्चीवर बसायचं आणि नट वाक्य विसरला की ते त्याला हळूच द्यायचं, एवढंच काम. नटाला ऐकू गेलंच पाहिजे आणि पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकालाही ऐकू जाता कामा नये, असा त्यांचा आवाज होता. त्या आवाजावरून कुणीतरी कधीतरी त्यांना कुजबुजे म्हणालं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे पुढे त्यांचा मेहुणासुद्धा फोनवर "काय कुजबुजे" असंच म्हणू लागला.

सात नाटकं त्यांना अथपासून इतिपर्यंत पाठ होती. संहिता मांडीवर असायची, पण बंद. तिचा उपयोग चहाचा कप ठेवायला. नट अडणार हे त्यांना नटाच्याही आधी कळायचं. "विसरायच्या आधी माणसाची मान ताठ होते," ते सांगत. मान ताठ झाली की ते वाक्यातला पहिला शब्द द्यायचे, फार तर दुसरा. तिसरा कधीच नाही. तिसरा दिला की नट शेफारतो, असं त्यांचं मत होतं.

आपल्या स्मरणशक्तीचा त्यांना गर्व होता आणि तो लपवण्याच्या भानगडीत ते कधी पडले नाहीत. बायकोशी पंधरा वर्षांपूर्वी झालेलं भांडण ते दोन्ही बाजूंच्या संवादांसह जसंच्या तसं म्हणून दाखवत. संसारात हा गुण फार कामाचा नाही, हे बायकोने त्यांना अनेकदा सांगून पाहिलं होतं.

कंपनीत एक जुनी प्रथा होती, दंडाची. हल्लीच्या मालकीणबाईंच्या वडिलांनी, म्हणजे थोरल्या मालकांनी ती पाडली होती. ज्या नटाला वाक्य द्यावं लागलं, त्याने प्रयोग संपल्यावर प्रॉम्प्टरला काहीतरी गोड आणून द्यायचं. मिठाई, केक, चॉकलेट, जे मिळेल ते. आणि प्रॉम्प्टरने ते तिथल्या तिथे, देणाऱ्याच्या डोळ्यांदेखत खायचं. घरी न्यायचं नाही, उद्यावर टाकायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं नाही. खाल्लं की चूक मिटली. मग तिच्याबद्दल कुणी ब्र काढायचा नाही. प्रॉम्प्टरने गोड खाल्लं नाही, तर त्याने चूक माफ केली नाही असा अर्थ व्हायचा, आणि तसं कुजबुज्यांनी एकदाही केलं नव्हतं. त्यांना गोड आवडायचं हे खरं. पण त्याहून जास्त त्यांना आवडायचं ते हे, की नायकाच्या वेशातला धिप्पाड माणूस हातात केकचा तुकडा घेऊन शाळकरी पोरासारखा आपल्यापुढे उभा आहे.

नट काही कमी विसरायचे नाहीत. कुजबुजे आहेत म्हटल्यावर पाठ करण्याचा त्रास घेतो कोण? दिवसाला दोन प्रयोग असले की पाच-सहा दंड सहज व्हायचे.

आणि बाई होत्या. मालकीणही त्याच आणि मुख्य नटीही त्याच. सगळी कंपनी त्यांना बाईच म्हणायची. त्यांना भेटायला येणारे प्रेक्षक फुलं आणायचे, मिठाईचे डबे आणायचे. बाई डब्याला हात लावायच्या नाहीत. त्यांचं खाणं घड्याळावर चालायचं. उकडलेली भाजी, डाळ, एखादं अंडं, काकडी. तालीम कितीही रंगात आली असो, जेवणाची वेळ झाली की बाई उठल्या. जेवण झालं की रिकाम्या नाट्यगृहात खुर्च्यांच्या रांगांमधून अर्धा तास चालायच्या. नट मागे त्यांना हसायचे. डबे मात्र सगळे विंगेत यायचे. बाईंचे कपडे सांभाळणारी मावशी डबा आणून खुर्चीजवळ ठेवायची आणि म्हणायची, "बाईंनी पाठवलाय. खास तुमच्यासाठी."

त्या 'खास'वर कुजबुजे जगत होते असं म्हटलं तरी चालेल. बाई तेवीस वर्षांच्या असल्यापासून ते त्यांना वाक्यं देत आले होते. बाई कुठल्या वाक्यावर कच्च्या आहेत, कुठल्या प्रसंगात त्यांचा श्वास आखूड होतो, हे बाईंच्या सख्ख्या बहिणीलाही माहीत नव्हतं. बाईंनी इतर कुणाला कधी डबा पाठवला नाही, म्हणून त्या डब्यात कुजबुज्यांना फक्त मिठाई दिसत नव्हती. घरी बायकोने दिलेला जेवणाचा डबा मात्र बहुतेक वेळा होता तसा परत जायचा. "वेळच मिळाला नाही," ते सांगायचे. बायको डबा उघडायची, नाकाजवळ न्यायची आणि रिकामा करायची.

पाच-सहा वर्षांपूर्वी त्यांना तहान लागायला लागली. पाण्याची बाटली खुर्चीच्या पायाशी आली, मग दोन झाल्या. दोन अंकांमधल्या मध्यंतरात ते सगळ्यात आधी उठून बाथरूमकडे पळायचे. नट चेष्टा करायचे, "पडद्याआधी कुजबुजे पडतात बाहेर." गोड खाल्लं की तासाभराने डोळे मिटायला लागायचे, म्हणून ते चहा प्यायचे, आणि चहात साखर कमी पडली तर चहावाल्यावर डाफरायचे. एरवी हा माणूस कुणावर आवाज चढवणारा नव्हता. चढवायला आवाज होताच कुठे?

मग बारीकसारीक गोष्टी हरवायला लागल्या. शेजाऱ्याच्या मुलीचं नाव. गॅस बंद केला की नाही. एकदा भाजी आणायला गेले आणि बाजारात उभं राहून आपण कशाला आलो याचा विचार करत बसले. हसण्यावारी नेलं त्यांनी. "सात नाटकं कोंबलीत डोक्यात, भाजीला जागा कुठून राहणार?" बायको हसली नाही. "एकदा डॉक्टरला दाखवून या," ती म्हणाली. "दौरा संपला की," ते म्हणाले. कंपनीचे दौरे एकापाठोपाठ एक असतात, हे तिला लग्न झाल्यापासून माहीत होतं.

पुढे जे घडलं ते एका दुपारच्या प्रयोगात घडलं. नाटक भावाबहिणीचं. पहिल्या अंकात भाऊ खूप वर्षांनी घरी येतो, दुसऱ्या अंकात भांडून घर सोडून जातो, तिसऱ्या अंकात वकील येऊन तो वारल्याची बातमी सांगतो. प्रेक्षक रुमाल घेऊनच येतात. आता हा वकील पहिल्या अंकातही येतो, घराच्या कागदपत्रांसाठी. तशीच घंटा वाजते, तसाच तो काखेत फाइल धरून आत येतो, तसाच खुर्चीच्या पाठीवर हात ठेवतो. त्या दुपारी वकिलाचं काम करणारा नट हात ठेवून उभा राहिला आणि त्याची मान ताठ झाली. कुजबुज्यांनी ती पाहिली. सकाळच्या प्रयोगातल्या दोन दंडांचे केक आणि बाईंच्या डब्यातली मिठाई पोटात होती, सकाळपासून जेवण नव्हतं. त्यांनी वाक्य दिलं.

"तुमचा भाऊ गेला," वकील म्हणाला.

नटाची तरी काय चूक? विंगेतून येईल ते बोलायचं, हे त्याच्या अंगात वर्षानुवर्षं मुरलेलं. आतून आलं की ते बरोबरच असणार. भाऊ त्या वेळी मेकअपच्या खोलीत मिशी चिकटवत होता आणि पाच मिनिटांत हातात बॅग घेऊन हसत हसत रंगमंचावर येणार होता.

बाईंना रडावंच लागलं. बातमीच तशी होती. त्या रडत असताना घंटा वाजली आणि मेलेला भाऊ मिशीला पीळ देत दारात उभा राहिला. "बातमी खोटी होती!" बाई ओरडल्या आणि त्याच्या गळ्यात पडल्या. त्याला बिचाऱ्याला काहीच कळेना. नाट्यगृह हसून हसून कोसळायचं बाकी राहिलं. पुढे दोन अंक प्रेक्षक रडायच्या जागी हसत होते आणि तिसऱ्या अंकात वकील पुन्हा फाइल घेऊन आला तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "या वेळी नक्की ना?"

कुजबुजे खुर्चीवर बसून होते. प्रॉम्प्टरच्या चुकीला दंड काय, हे थोरल्या मालकांनी सांगून ठेवलेलं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती.

बाई रागावल्या नाहीत. जवळ आल्या, खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "दमलात हो तुम्ही." कुजबुज्यांना भडभडून आलं. महिनाभराने कंपनीत कानात घालायची छोटी यंत्रं आली. आता ध्वनियंत्रणेच्या टेबलावरचा माणूस समोर संहिता उघडी ठेवून नटांच्या कानात वाक्यं वाचायचा. "खुर्ची तुमचीच आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही बसायचं. मान आहे तुमचा." मान म्हणजे काय ते कुजबुजे पहिल्याच प्रयोगात समजले. नटाची मान ताठ झाली, त्यांनी शब्द दिला आणि नटाने कानातलं ऐकून भलतीकडेच बघत वाक्य म्हटलं. त्यांच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही.

आता मात्र बायकोने ऐकलं नाही. हाताला धरून त्यांना दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई वयाने त्यांच्या मुलीएवढ्या होत्या. त्यांनी रोज काय खाता ते विचारलं. कुजबुजे दंडाची प्रथा मोठ्या रंगात येऊन सांगू लागले. डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्याकडे बघून मध्येच थांबले.

"मेंदूला साखर लागतेच, काका," त्या म्हणाल्या. "पण घराला पाणी लागतं म्हणून कुणी पाइप फोडून ठेवत नाही. तुमच्याकडे दिवसातून चारदा पूर आणि मधल्या वेळात धड जेवण नाही. वर्षानुवर्षं रक्तात साखर अशी वाढलेली राहिली की बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. डोळ्यांतल्या, पायांतल्या, डोक्यातल्याही. आठवणी जपणारा भाग नाजूक असतो, त्याला झळ लवकर बसते."

"मग मी आता सगळं विसरणार?"

"तसं नाही. वेळेवर जेवा, रोज चाला, नीट झोपा, गोळ्या चुकवू नका. गेलेलं सगळं परत येईल असं मी सांगणार नाही. थोडं येईल. आहे ते सांभाळता येईल. आणि डोक्यात राख घालून घेऊ नका. राग, जागरण, उपाशी राहणं, या सगळ्याने साखर वरखाली होते आणि डोकं चालेनासं होतं." मग चष्मा काढून त्या म्हणाल्या, "तहान लागायला लागली तेव्हाच आला असतात, तर माझं काम फार सोपं होतं."

कुजबुज्यांनी मनावर घेतलं. बाईंसारखं घड्याळ लावून जेवायला लागले. बायकोचा डबा पहिल्यांदाच चाटूनपुसून परत येऊ लागला आणि बायकोने त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही, न जाणो, बोललं तर थांबायचं. रोज सकाळी चालून आले की ते स्वयंपाकघरात स्टुलावर बसायचे आणि भावाबहिणीचं नाटक म्हणायचे. संहिता बायकोच्या हातात. कणीक मळता मळता ती डोळ्याने वाक्यं तपासायची. आधी पानापानावर अडायचे. मग अंकाला तीन-चारदा. एका सकाळी पहिले दोन अंक न अडखळता झाले. बायकोने कणकेच्या हातांनी टाळ्या वाजवल्या आणि ओटाभर पीठ उडालं.

आता त्यांना एकच गोष्ट हवी होती. एका प्रयोगापुरती ती यंत्रं काढून ठेवा आणि मला वाक्यं देऊ द्या, असं बाईंना सांगायचं. एकदा फक्त. नट त्यांच्याकडे कान देऊन उभा आहे, हे त्यांना पुन्हा पाहायचं होतं.

ते सांगायलाच ते बाईंच्या खोलीकडे गेले. बाई चालायला गेल्या होत्या. मावशी इस्त्री करत होती. कोपऱ्यात कुणीतरी आणलेला मिठाईचा नवा डबा होता.

"हा आता कुणाला द्यायचा?" मावशी हसून म्हणाली. "तुमचं तर बंद झालं. बरं केलंत हो. बाईंना केवढी काळजी होती तुमची! त्यांनी तर तेव्हाच विचारलं होतं त्यांच्या डॉक्टरांना."

"केव्हा?"

"झाली की पाच-सहा वर्षं. तुम्ही सारखं पाणी प्यायचात, सारखे उठायचात. बाईंचं स्वतःचं दुखणं तेच. त्यांनी लगेच ओळखलं. डॉक्टर म्हणाले, त्यांना आधी इकडे आणा आणि गोड पूर्ण बंद करायला सांगा, नाहीतर डोक्यावर परिणाम होईल. बाई म्हणाल्या, हंगाम संपला की सांगते." मावशीने परकर उलटा केला आणि त्यावर इस्त्री फिरवली. "पण आपला हंगाम संपतोय कुठे!"

"आणि डबे?" कुजबुज्यांनी विचारलं.

"डब्यांचं काय? खोलीत गोड असलं की बाईंना राहवत नाही. 'इथून उचल, कुजबुज्यांना देऊन ये,' म्हणायच्या. तुम्हाला आवडायचं ना." एवढं बोलून मावशीने मान वर केली आणि त्यांचा चेहरा पाहून तिच्या हातातली इस्त्री थांबली.

पायाखालची जमीन सरकली असं नुसतं म्हणून भागणार नाही. जमीन जागेवरच होती. पण आपण एवढी वर्षं जिला माया समजत होतो, ती दुसऱ्याच्या पथ्याची सोय होती, हे त्यांना कळलं. बाईंच्या खोलीतलं विष कुठेतरी टाकायला हवं होतं आणि टाकायची जागा विंगेत खुर्चीवर बसलेली होती. वर ती जागा दरवेळी "बाईंना धन्यवाद सांगा" म्हणायची.

बाई चालून आल्या. मावशी सटकली. बाईंनी जेवणाचा डबा उघडला, उकडलेल्या घेवड्यावर लिंबू पिळलं आणि कुजबुज्यांनी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

बाई नटी होत्या, पण त्यांनी सोंग केलं नाही. तेवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. त्यांनी चमचा खाली ठेवला.

"होतं," त्या म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही पथ्य धरलं असतंत, सुट्टी घेतली असतीत, कदाचित काम सोडलं असतंत. माझी सात नाटकं तुमच्या जिवावर उभी होती, कुजबुजे. नटांना एक ओळ धड येत नव्हती. मी घाबरले. रोज म्हणायचे, उद्या सांगेन."

"आणि उद्या डबा पाठवायचात."

"मी तुम्हाला भरवलं नाही," बाईंचा आवाज किंचित चढला. "खायचं की नाही ते तुमच्या हातात होतं."

"दंड नाकारायचा नाही, हा तुमच्या वडिलांचा नियम आहे."

"माझे डबे दंडाचे नव्हते."

"नव्हते," कुजबुजे म्हणाले. "मला वाटलं, मायेचे होते."

बाईंकडे यावर वाक्य नव्हतं, आणि द्यायला कुणी नव्हतं. कुजबुजे ज्यासाठी आले होते ते न मागताच परतले.

त्यानंतरचे काही दिवस घरात वाईट गेले. जेवणाचं ताट समोर यायचं आणि त्यांना घेवड्यावर पिळलेलं ते लिंबू आठवायचं. घास उतरायचा नाही. रात्रभर कूस बदलत पडायचे. बायको म्हणाली, "तिच्या पापाची शिक्षा तुम्ही स्वतःला का देताय?" सकाळचं नाटक म्हणणंही थांबलं. "सोडा ती नोकरी," बायको म्हणाली. पण ते रोज जाऊन खुर्चीवर बसत राहिले. का, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. आपण समोर बसलेलं बाईंना रोज दिसलं पाहिजे, असं काहीतरी होतं मनात.

आठवड्याने दुपारी भावाबहिणीच्या नाटकाचा प्रयोग लागला. नाट्यगृह भरलेलं. पहिला अंक झाला. दुसऱ्या अंकात भांडण झालं, भावाने बॅग उचलली, दाराशी गेला आणि थांबला. इथे बहिणीचं एक वाक्य आहे. ते ऐकून भाऊ वळतो, पण थांबत नाही, निघून जातो, आणि प्रेक्षकांचे रुमाल बाहेर येतात.

बाई बोलल्या नाहीत.

कुजबुज्यांनी पाहिलं, त्यांची मान ताठ झाली होती. बाईंनी हात केसांवरून नेल्यासारखा करत कानातलं यंत्र चाचपलं. मागे ध्वनियंत्रणेच्या टेबलावर तो माणूस उठून तारा ओढत होता, त्याचे ओठ हलत होते, पण बाईंच्या कानात काही पोचत नव्हतं. भाऊ दारात बॅग घेऊन उभा. प्रेक्षागृहात कुणीतरी खोकलं. बाई अगदी हळू डावीकडे वळल्या आणि त्यांनी विंगेत पाहिलं. कितीतरी महिन्यांनी कुणीतरी कुजबुज्यांकडे कान देऊन उभं होतं, आणि ते कुणीतरी म्हणजे बाई होत्या.

कुजबुज्यांनी ठरवलं, नाही द्यायचं. खुशाल उभ्या राहा. सगळ्या गावासमोर उभ्या राहा. एकदा तरी तुम्हाला कळू दे, कोरडं पडलेलं तोंड कसं असतं ते. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि हाताची घडी घातली.

आणि मग, आपण नेमकं काय अडवून धरलंय ते एकदा मनात म्हणून बघावं, म्हणून त्यांनी ते वाक्य शोधलं.

ते तिथे नव्हतं.

त्यांनी मागच्या वाक्यावरून उडी मारून पाहिली. मागचं वाक्य होतं. पुढचं होतं. मध्ये काहीच नव्हतं. स्वयंपाकघरात दहा वेळा म्हटलेलं, बायकोच्या कणकेच्या हातांच्या टाळ्या मिळालेलं वाक्य. बाई बघतच होत्या आणि आता त्यांच्या डोळ्यांत विनवणी होती. कुजबुजे खुर्चीवर हाताची घडी घालून बसले होते. द्यायचं ठरवलं असतं तरी त्यांच्याकडे द्यायला काही नव्हतं. सूड घ्यायलाही आठवण लागते, आणि तीही या बाईंच्या डब्यांनी खाल्ली होती.

बाईंनी शेवटी नुसताच हुंदका दिला. भाऊ वळला, निघून गेला. प्रेक्षकांना काही कळलं नाही. रुमाल निघाले.

प्रयोग संपला. माणसं पांगली. सामानवाले पडदे आवरू लागले. बाई मेकअप न पुसता विंगेत आल्या. हातात कुणीतरी आजच दिलेला मिठाईचा डबा होता. त्यांनी तो उघडला आणि त्यातला एक तुकडा पुढे केला.

"दंड द्यायला आलेय," त्या म्हणाल्या. "तुम्हाला चालत नाही, ठाऊक आहे. नुसता हातात घ्या. एवढं केलंत तरी पुरे." मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "आज मुद्दाम गप्प बसलात ना?"

कुजबुज्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. खरं सांगितलं असतं, तर बाईंना दया आली असती. पुन्हा खांद्यावर हात ठेवला असता, पुन्हा "दमलात हो" म्हणाल्या असत्या. ती दया त्यांना नको होती. एवढ्या वर्षांत कमावलेलं एक डोकं होतं, ते या बाईंनी गोड बोलून नेलं होतं. उरलेलं एवढंच, की आपल्याला वाक्य येत होतं असं बाईंना जन्मभर वाटत राहावं.

"हो," ते म्हणाले. "मुद्दाम."

बाईंनी मान खाली घातली. "हक्क होता तुमचा," त्या म्हणाल्या.

कुजबुज्यांनी तुकडा हातात घेतला नाही. कंपनीच्या इतिहासात पहिल्यांदा दंड तसाच राहिला. ते उठले, दोन्ही बाटल्या पिशवीत टाकल्या, खुर्ची उचलून भिंतीला टेकवली आणि मागच्या दाराने बाहेर पडले.

सायकल स्टँडपाशी कुलूप उघडताना ते वाक्य आलं. आपणहून, जसं होतं तसं, आधीच्या श्वासासकट. भाऊ कायमचा निघालाय, बॅग हातात आहे, आणि बहीण त्याच्या पाठीला म्हणते, "जेवून तरी जा."

बस, एवढंच होतं. ते त्यांनी त्यांच्या त्या आवाजात एकदा म्हटलं. स्टँडवाल्यालाही ऐकू गेलं नाही. मग त्यांनी सायकल बाहेर काढली. जेवणाची वेळ झाली होती आणि घरी बायको वाट बघत होती.